दुकानात शिरून बसणाऱ्यांना बाहेर काढायचा हक्क कुठवर? (नागपूर)

गांधीबागची सून

नमस्कार मंडळी. गांधीबागेत आमचं कापडाचं दुकान आहे. आजेसासऱ्यांनी भाड्यानं घेतलेलं. पुढे गादी आणि काउंटर, मधे पडदा, मागे गोदाम. सासरे आता थकले, त्यामुळे दुकान मीच पाहते. इमारतीचे मालक वारले. मुलांनी इमारत विकायला काढली आहे असं बाजारात ऐकू येतं, पण आम्हाला लेखी काहीच आलेलं नाही. भाडं दर महिन्याला बँकेतून जातं.

दिवाळीनंतर तीन-चार माणसं दुकानात येऊन बसायला लागली. त्यांना घ्यायचं काही नसतं. एक जण पडदा सारून सरळ गोदामात जातो, टेप लावून भिंती मोजतो, मोबाइलवर व्हिडिओ काढतो. बाकीचे गादीवर पाय पसरून बसतात. गिऱ्हाईक आलं की त्याच्या कानावर जाईल अशा आवाजात म्हणतात, "हे दुकान आता चार दिवसांचं आहे, बस्त्याचा अॅडव्हान्स देऊ नका." लग्नसराईत हे किती महागात पडतं ते धंदा करणाऱ्याला सांगायला नको. माझ्याकडे दोन मुली कामाला आहेत, त्या घाबरून गेल्या आहेत.

"बाहेर जा" म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "दुकान आहे, कोणीही येऊ शकतो." पोलिसांकडे गेले तर "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा" असं सांगून परत पाठवलं.

मला नीट समजून घ्यायचं आहे. दुकानाचं दार उघडं आहे म्हणून कोणालाही आत बसायचा हक्क मिळतो का? आणि मी भाडेकरू आहे, मालकीण नाही, मग मला कोणाला बाहेर काढता येतं का?

---

इतवारीकर

ताई, आमच्या ओळीत दोन दुकानांना हाच अनुभव आला आहे. जुन्या इमारतींचं हेच चाललंय. तुम्ही एकट्या बोलू नका. शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावून त्यांच्यासमोर "बाहेर व्हा" म्हणा. वकील मंडळी येतीलच, पण साक्षीदार आधी जमवा.

---

काळा कोट

ताई, मी इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. तुमचे दोन्ही प्रश्न फार मोलाचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनी ४४१ ते ४४८ मधली कलमं आता ३२९ मध्ये एकत्र आहेत. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करायच्या हेतूनं किंवा ताबा असलेल्या माणसाला धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या, त्रास देण्याच्या हेतूनं शिरणं म्हणजे फौजदारी अतिक्रमण. त्याच कलमात पुढचा भागही आहे आणि तुमच्यासाठी तोच कामाचा आहे: आत येताना कायदेशीर आला, पण नंतर याच हेतूनं बेकायदा थांबून राहिला, तरी तो गुन्हाच.

म्हणजे "दुकान आहे, कोणीही येऊ शकतो" हे अर्धंच खरं. उघडं दार ही खरेदीसाठी दिलेली परवानगी आहे. ती काढून घेता येते. तुम्ही स्पष्ट शब्दांत "निघा" म्हटल्यावर त्या परवानगीचा आधार संपतो. आणि पडद्यामागच्या गोदामात जायची परवानगी तर कधी दिलेलीच नव्हती.

आता भाडेकरूचं. कलमात शब्द "ताबा" असा आहे, "मालकी" असा नाही. दुकान तुमच्या ताब्यात आहे, म्हणून फिर्यादी तुम्हीच. उद्या खुद्द मालकाचा मुलगा त्रास देण्यासाठी आत शिरला, तरी त्याच्याविरुद्ध हे कलम लागू शकतं.

दुसरी पायरी गृहअतिक्रमणाची. राहत्या घराबरोबरच मालमत्ता सांभाळून ठेवण्याची इमारतही त्यात येते, म्हणून गोदाम त्यात बसतं. शरीराचा कोणताही भाग आत आला तरी शिरकाव धरला जातो. साध्या अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गृहअतिक्रमणाला कैद एक वर्षापर्यंत, दंड तेवढाच. जुन्या कायद्यात हे दंड ५०० आणि १,००० रुपये होते. दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना एफआयआर घेता येतो. दोन्ही जामीनपात्रही आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. पकडले आणि आत टाकले असं होणार नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. हेतू सिद्ध करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं मथरी विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सांगितलं आहे की आपल्या येण्यानं समोरच्याला त्रास होईल हे नुसतं माहीत असणं पुरेसं नाही, त्रास देणं हा येण्याचा मुख्य उद्देश असला पाहिजे. म्हणून तुमच्या तक्रारीत "येऊन बसतात" एवढंच लिहू नका. गिऱ्हाइकासमोर काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहा, तारीख आणि वेळ घालून. अॅडव्हान्स देऊ नका असं गिऱ्हाइकाला सांगणारा माणूस साडी बघायला आला नव्हता, हे त्या वाक्यातूनच दिसतं.

---

गांधीबागची सून

काळा कोट दादा, ताब्याबद्दल वाचून खूप धीर आला. घरात सगळे हेच म्हणत होते की आपण भाडेकरू, आपण काय बोलणार. पण मालकांना जागा बघायचा हक्क असतो ना? ती माणसं "मालकांनी पाठवलंय" असंही म्हणतात.

---

काळा कोट

हक्क आहे, पण त्याची रीत ठरलेली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २८: मालकाला भाडेकरूच्या जागेची पाहणी करता येते, मात्र आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळेला. न सांगता येऊन भर गिऱ्हाइकीत टेप लावणं यात बसत नाही. कलम २९ सुद्धा वाचून ठेवा. पाणी, वीज यासारख्या आवश्यक सोयी मालकाला तोडता येत नाहीत. अशा प्रकरणांत पुढचा डाव बहुधा तोच असतो.

आपल्या विदर्भापुरतं एक सांगतो. ३१ मार्च २००० ला हा कायदा लागू होईपर्यंत इथं १९४९ चा सीपी अँड बेरार (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) भाडे नियंत्रण आदेश चालायचा. जुन्या दुकानदारांकडे त्या काळचे कागद असतात, रेंट कंट्रोलरसमोरचे अर्ज, भाड्याच्या पावत्या. कपाट उघडून ते सगळं शोधा. ताबा किती जुना आहे याचा तो पुरावा आहे आणि एकही चिठ्ठी फेकू नका.

समोरच्याला उद्या इमारत विकत मिळाली तरी तो तुम्हाला हात धरून बाहेर काढू शकत नाही. त्याला कायद्यात दिलेल्या कारणांवर दावा लावावा लागेल. आणि कोणी जबरदस्तीनं ताबा घेतलाच, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. सहा महिने म्हणजे सहा महिने, तिथं उशीर करू नका. त्याआधीच मनाई हुकुमासाठी दिवाणी न्यायालयात जाणं जास्त शहाणपणाचं.

---

जुना ठाणेदार

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे, बरीच वर्षं नागपुरातच काढली. "दिवाणी वाद आहे" हे उत्तर ऐकून मला वाईट वाटतं, पण ते का दिलं जातं हे सांगतो. मालक-भाडेकरू हे शब्द ऐकले की ड्युटीवरचा माणूस सावध होतो. उद्या समोरचा कागद घेऊन आला तर आपल्यावर शेकेल ही भीती असते. म्हणून तक्रारीची सुरुवात भाड्यापासून, विक्रीपासून करू नका. "अमुक तारखेला, अमुक वेळेला, इतके अनोळखी इसम माझ्या दुकानात आले, निघा म्हटल्यावर निघाले नाहीत, गोदामात विनापरवानगी शिरले, असे बोलले." एवढंच आधी. इतिहास शेवटी.

माणसं आत बसलेली असतानाच ११२ ला फोन लावा. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगण्यात आणि यात फार फरक आहे. ११२ च्या कॉलची वेळेसह नोंद राहते, गाडी येते, आलेला कर्मचारी त्यांची नावं विचारतो. नुसती नावं विचारली की निम्मे लोक पुन्हा येत नाहीत.

एफआयआर घेतलाच नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४) प्रमाणे तक्रार लेखी, पोस्टानं वरिष्ठांकडे पाठवा, नागपुरात तुमच्या झोनच्या उपायुक्तांकडे. तिथंही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, प्रतिज्ञापत्रासह.

आणखी दोन हत्यारं ठाणेदाराच्या हातात असतात. एक, त्याच संहितेच्या कलम १६८ ची नोटीस. जुने लोक तिला १४९ ची नोटीस म्हणून ओळखतात. समोरच्याला लेखी ताकीद जाते की दखलपात्र गुन्हा करू नका. दोन, आपल्या राज्याचा १९५१ चा पोलीस कायदा. त्याच्या कलम १२० मध्ये समाधानकारक कारण नसताना कोणाच्या जागेत मुद्दाम शिरणं किंवा थांबून राहणं हाच गुन्हा आहे, नुकसान होवो न होवो. शिक्षा किरकोळ दंडाची आहे. पण ३२९ साठी जो हेतू शोधत बसावा लागतो त्याची अडचण इथं नाही. हे कलम आता फार कमी जण वापरतात आणि मला ते पटत नाही. छोट्या दुकानदारासाठी ते चांगलं आहे. त्याच कायद्याचं १२२ रात्रीसाठी आहे: सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कोणी इमारतीत सापडला आणि तिथं का आहे हे नीट सांगू शकला नाही, तर कारवाई होते.

---

हिंगणा रोड

धागा चांगला चालला आहे, माझंही विचारतो. एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. कंपाउंडवरून उडी मारून पोट्टे स्क्रॅप नेतात. गेल्या आठवड्यात एक सापडला. पार्टनर म्हणतो, सकाळपर्यंत खोलीत बांधून ठेवायला पाहिजे होता, आपली जागा आहे, आपला हक्क आहे. मी सोडून द्यायला लावला. त्यावरून आमचं भांडण झालं. कोण बरोबर?

---

काळा कोट

तुम्ही बरोबर. बांधून ठेवलं असतं तर न्याय संहितेच्या कलम १२७ खाली, बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल, गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकला असता. त्यालाही एक वर्षापर्यंत कैद आहे. तो मुलगा अल्पवयीन निघाला असता तर प्रकरण आणखी चिघळलं असतं.

कायदा काय देतो ते नेमकं बघा. कलम ३५ प्रमाणे चोरी, नासधूस, अतिक्रमण यांपासून मालमत्ता वाचवायचा हक्क तुम्हाला आहे. पण कलम ३७ त्याला लगाम घालतं: बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच राहत नाही. हात धरून गेटबाहेर काढणं चालेल. बाहेर काढल्यावर मारणं ही शिक्षा झाली आणि ती द्यायचा अधिकार तुमचा नाही.

नागरिकानं अटक करायची असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० आहे. गुन्हा डोळ्यांदेखत झालेला हवा, दखलपात्र हवा आणि अजामीनपात्रही हवा. साधं अतिक्रमण जामीनपात्र आहे, म्हणून नुसता भिंत ओलांडून आला एवढ्यावर अटक करता येत नाही. शेडमधून माल उचलताना सापडला तर न्याय संहितेचं इमारतीतल्या चोरीचं कलम ३०५ लागतं, ते अजामीनपात्र आहे, तिथं धरता येईल. पण विनाकारण उशीर न करता आणि कुठल्याही स्थितीत सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. "सकाळपर्यंत" हा शब्द म्हणूनच धोक्याचा.

---

रात्रपाळी

मी लिहिण्यात कच्चा हाय, सांभाळून घ्या. मी एका कंपनीच्या गेटवर रात्री ड्युटी करतो. वरचं वाचून राहिलो तं सांगावंसं वाटलं. मालक म्हन्ते पकडून ठेव, पोलीस म्हन्ते हात कायले लावला. मधात मरतो गार्ड. माह्या संगच्या एका गार्डवर केस झाली, मालकानं वकील पन नाही देला. पगार किती असते आमचा, तुमाले माहीत हाय.

आता मी असं करतो. शिट्टी वाजवतो, बॅटरी मारतो, मोठ्यानं ओरडतो "कोन हाय रे, बाहेर निंग", आन ११२ ले फोन. वहीत टाइम लिहून ठेवतो. चोर पयून गेला तं गेला. स्क्रॅपच्या चार पट्ट्यांसाठी मी कोनाचं पोट्टं मारनार नाही आन सोताबी मरनार नाही. मालक लोकांनी गार्डले लेखी देऊन ठेवावं का रात्री काय करायचं आन काय नाही. तोंडी सांगतात आन मंग फिरतात.

---

हिंगणा रोड

रात्रपाळी भाऊ, तुमचं शंभर टक्के पटलं. मी आमच्या गार्डसाठी सूचना लिहून काढतो आणि खाली सही करतो, म्हणजे जबाबदारी माझी राहील. पार्टनरला तुमचा प्रतिसाद वाचायला पाठवला आहे.

---

धंतोली सिस्टर

आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक गल्लीत हॉस्पिटल आहे, म्हणून लिहिते. पेशंट दगावला की पंचवीस-तीस जण आयसीयूपर्यंत घुसतात. हॉस्पिटलसाठी राज्याचा २०१० चा वेगळा कायदा आहे. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवर हिंसा किंवा संस्थेची तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिवाय फोडलेल्या यंत्राच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. कायद्याचा फलक रिसेप्शनवर लावलेला असतो, तरी माणूस गेल्याच्या दुःखात तो कोण वाचतं? आमचा अनुभव असा की दारातच कोणीतरी वरिष्ठ डॉक्टर येऊन नातेवाइकांशी बसून बोलले तर घुसायची वेळ येत नाही. नातेवाइकांना उत्तर हवं असतं आणि तो त्यांचा हक्क आहे.

---

उत्तर नागपूर

सगळे दुकानदारांच्या बाजूनं बोलत आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहितो. मी घरपोच पार्सल पोचवायचं काम करतो. एका मोठ्या शोरूममध्ये बहिणीच्या लग्नासाठी शालू बघायला गेलो होतो, कामाचाच टीशर्ट अंगात होता. गार्डनं दारातच हात आडवा धरला. "डिलिव्हरी मागच्या दारानं." गिऱ्हाईक आहे म्हटलं तर आतून कोणीतरी आलं, आडनाव विचारलं आणि "आज गर्दी आहे, नंतर या" म्हणालं. आत चार माणसं होती.

दारावर पाटी होती, "प्रवेशाचा हक्क राखीव". मला त्या पाटीबद्दल विचारायचं आहे. ज्या गावात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी दीक्षाभूमीवर माणूस म्हणून उभं राहायचं ठरवलं, त्या गावात आडनाव विचारून दार बंद करता येतं का?

---

काळा कोट

नाही. येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांचं नाव घेऊन लिहिलं आहे की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणाही नागरिकाला प्रवेशाची आडकाठी करता येणार नाही. लक्षात घ्या, मूलभूत हक्क बहुतेक सरकारविरुद्ध असतात, हा मात्र खाजगी दुकानदारालाही बांधतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून दुकानात येऊ न देणं हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ च्या कलम ४ खाली गुन्हा आहे आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही अशी अडवणूक येते. पाटी कितीही मोठी असली तरी ती या कायद्यांच्या वर नाही.

आडनाव विचारलं, त्यानंतर नकार दिला, हा क्रम तुमच्या तक्रारीचा कणा आहे. कोणी सोबत होतं का? असेल तर त्यांचं म्हणणं आजच लिहून घ्या. शोरूमचं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवावं अशी मागणी तक्रारीतच करा.

कपड्यांबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. "कपडे" किंवा "गरिबी" हे शब्द त्या अनुच्छेदात नाहीत. नुसत्या टीशर्टवरून अडवलं असतं तर कायद्याचा आधार कमी पडला असता. मला ते अन्यायाचं वाटतं, पण तसं आहे.

---

गांधीबागची सून

उत्तर नागपूर दादा, वाचून फार वाईट वाटलं. बहिणीचा बस्ता आमच्याकडे बांधायला या, हे मनापासून म्हणते. आणि तक्रार नक्की करा. मी हा धागा माझ्या दुकानाच्या रक्षणासाठी काढला, पण हेच कलम हाती घेऊन कोणी आडनाव विचारायला लागलं तर मला ते नको आहे.

---

उत्तर नागपूर

ताई, येऊ. बहीण सोबतच होती, तिचं म्हणणं आज रात्री लिहून घेतो. काळा कोट सर, व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

---

बर्डीवाला

सीताबर्डीच्या मेन रोडवर आमचं चपलांचं दुकान आहे. दारासमोर फेरीवाले इतके की गिऱ्हाइकाला आत यायला वाट नाही. ही पण घुसखोरीच नाही का?

---

काळा कोट

फुटपाथ तुमच्या ताब्यातली जागा नाही, ती सार्वजनिक आहे, म्हणून ३२९ लागणार नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. कुठे बसायचं, कुठे नाही हे महापालिका आणि नगर पथविक्रेता समिती ठरवते. समितीत विक्रेत्यांचेही प्रतिनिधी असतात. तुमच्या दाराची वाट मोकळी हवी ही मागणी रास्त आहे, ती महापालिकेकडे करा. माल उचलून फेकणं, हातगाडी ढकलणं हे करू नका. दुकानाच्या हद्दीतली पायरी आणि ओटा मात्र तुमचाच. तिथं माल मांडला तर तुम्ही उठवू शकता.

---

फुटपाथवरची

मी तिथंच क्लिपा-रबर विकते. भाऊ म्हणतात ते खरं आहे, दारासमोर गर्दी होते. पण काही दुकानदार समोर बसू द्यायचे आमच्याकडून रोज पैसे घेतात, ते पण लिहा. जागा त्यांची नाही तर पैसे कशाचे? मी वाट सोडूनच बसते. दुकानात गिऱ्हाईक आलं तर माझ्याकडेही येतं.

---

बर्डीवाला

ताई, पैसे घेणाऱ्यांचं मी समर्थन करत नाही, ते चूकच आहे. वाट सोडून बसणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

---

इतवारीकर

वर्गणीचंही कोणी सांगा. गणपती आणि दुर्गोत्सव आला की टोळकं काउंटरसमोर उभं राहतं, पावतीवर आकडा आधीच लिहिलेला. दिला नाही तर हलत नाहीत.

---

जुना ठाणेदार

उत्सवासाठी पैसे गोळा करायचे तर मंडळाला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१सी खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती बघायला मागा. भीती घालून पैसे काढले तर ती खंडणी, न्याय संहितेचं कलम ३०८. बहुतेक मंडळं चांगली असतात, खुशीनं देणाऱ्यानं जरूर द्यावं. धमकी देणाऱ्याला मात्र एकदा दिलं की दरवर्षी आकडा वाढतो.

याच्याच जोडीला तोतया अधिकाऱ्यांचं सांगतो. "जीएसटीतून आलोय, गोदाम उघडा" म्हणत कोणी आलं तर घाबरून चावी देऊ नका. ओळखपत्र मागा. जीएसटीची तपासणी किंवा झडती असेल तर सहआयुक्त किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं दिलेला आयएनएस-०१ नमुन्यातला अधिकारपत्राचा कागद लागतो. अन्नसुरक्षा अधिकारी, वजनमापे निरीक्षक यांना कायद्यानं आत येऊन तपासायचा अधिकार आहे, खऱ्या अधिकाऱ्याला अडवू नका, तो वेगळा गुन्हा होतो. ओळखपत्राचा फोटो काढायला खरा अधिकारी नाही म्हणत नाही. तोतयागिरीला न्याय संहितेचं कलम २०४ आहे, किमान सहा महिने.

---

बुटीबोरी कामगार

मालक लोक आमच्यावरही हे कलम लावायची धमकी देतात. थकलेल्या पगारासाठी आम्ही शिफ्ट संपल्यावर कँटीनसमोर शांत बसलो तर "ट्रेसपासची केस टाकीन" म्हणाले. बसणं गुन्हा आहे का?

---

काळा कोट

शांत बसणं आपोआप गुन्हा होत नाही. पंजाब नॅशनल बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या पेन-डाऊन संपात हाच मुद्दा आला होता. कर्मचारी आपापल्या जागी बसून राहिले आणि काम थांबवलं. १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की त्यांचा उद्देश मागण्यांसाठी दबाव आणण्याचा होता, अपमान करणं किंवा त्रास देणं हा नव्हता, म्हणून फौजदारी अतिक्रमण होत नाही. पण दार अडवलं, यंत्राला हात लावला, मॅनेजरला कोंडलं, तर हे संरक्षण जातं. थकलेल्या पगाराचा अर्ज कामगार आयुक्त कार्यालयात लगेच द्या. बसण्याचं कारण काय होतं हे त्या कागदावरून दिसेल.

---

गांधीबागची सून

मंडळी, सांगायला आले. काल ती माणसं पुन्हा आली. शेजारच्या दोन्ही काकांसमोर मी तीनदा "दुकानातून निघा" म्हटलं, कॅमेऱ्यात आवाजासकट आलं. मग ११२ लावला. गाडी येईपर्यंत दोघे निघून गेले, उरलेल्या एकाचं नाव आणि नंबर पोलिसांनी लिहून घेतला. तक्रार ठाणेदार काकांनी सांगितली तशीच लिहिली, भाड्याचा विषय शेवटच्या परिच्छेदात. या वेळी घेतली. मालकांच्या मुलांना कलम २८ ची आठवण करून देणारं पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवलं. वकिलांशी मनाई हुकुमाचं बोलणं चालू आहे.

एक विचारायचं राहिलं. फुटेज पेन ड्राइव्हवर दिलं तर चालेल ना?

---

काळा कोट

फार छान केलंत. पेन ड्राइव्ह चालेल, पण सोबत साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागेल, पूर्वीचं ६५बी. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा सांकेतिक क्रमांक) लिहायची असते, कॅमेरे बसवणाऱ्याकडून काढून घ्या. मूळ डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) बंद करून जपून ठेवा आणि दुसरा लावा. आणि तो व्हिडिओ व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर "हेच ते गुंड" म्हणून टाकू नका. बदनामीचा दावा होऊ शकतो आणि खटला सुरू व्हायच्या आत समोरच्याला हातात मुद्दा मिळतो.

---

धरमपेठी

माझं कॅफे आहे. हा धागा वाचून दारावरची "हक्क राखीव" पाटी काढली. नवीन मजकूर असा लिहिला आहे, दुरुस्त्या सुचवा:

"सर्वांचे स्वागत आहे. वेळ सकाळी ९ ते रात्री १०. स्वयंपाकघर आणि सामानाच्या खोलीत फक्त कर्मचाऱ्यांना प्रवेश. इतरांना त्रास देणाऱ्यास बाहेर जाण्यास सांगितले जाईल. आत कॅमेरे आहेत."

---

उत्तर नागपूर

"ऑर्डर न्यायला आलेल्यांनीही पुढच्याच दाराने यावे" हे घाला ना ताई.

---

धरमपेठी

घातलं. उद्या छापायला देते.